ऑसी ऑस्वाल्डाचे सिनेमे बघायचे कसे आणि तिचं आयुष्य शोधायचं कसं

मूकपट म्हटलं की आपली गाडी चॅप्लिन, कीटन आणि दादासाहेब फाळके या तीन स्टेशनांच्या पुढे जात नाही, आणि त्यात जर्मन मूकपट म्हटला की वाकड्या भिंती, लांब सावल्या आणि भिंतीवरून सरकणारा नखांचा हात एवढंच आठवतं. पण त्याच बर्लिनमध्ये, साधारण त्याच वर्षांत, एक सोनेरी केसांची मुलगी पडद्यावर फुलदाण्या फोडत होती, पत्ते खेळत होती, टॉप हॅट घालून रात्रीच्या बॉलला जात होती आणि लोक पोट धरून हसत होते. तिचं नाव ऑसी ऑस्वाल्डा. मला ती फार आवडते आणि आपल्या भाषेत तिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हे सगळं लिहितेय.

अडचण अशी आहे की तिच्याबद्दल काहीही वाचायला घेतलं की दोन ओळींत विषय एर्न्स्ट लुबिचवर जातो. तो दिग्दर्शक मोठा होताच, त्यात वादच नाही, १९२२ च्या शेवटी तो हॉलिवूडला गेला आणि जगभर गाजला. पण त्यामुळे ऑसी त्याच्या चरित्रातली एक तळटीप होऊन बसली. म्हणून माझं सांगणं एकच, आधी वाचू नका, आधी बघा. आणि बघताना दिग्दर्शक वगैरे विसरून तिच्या पायांकडे बघा. ती मुळात बॅले शिकलेली, बर्लिनच्या थिएटरात कोरसमध्ये नाचणारी मुलगी, तिची सगळी कॉमेडी पायांतून वर येते, चेहरा नंतर. हे एकदा डोळ्यांना कळलं की बाकी सगळं आपोआप दिसायला लागतं.

आधी प्रिंट नीट मिळवा

सुरुवातीला तीन सिनेमे पुरे. १९१८ चा "इश म्योश्टे काइन मान झाइन", म्हणजे मला पुरुष व्हायचं नाही. १९१९ चा "डी आउस्टर्नप्रिन्त्सेसिन", म्हणजे कालवांची राजकन्या (कोकणातल्या लोकांना कालवं सांगायला नकोत, तीच ती, खडकावरची). आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमधला "डी पुप्पे", म्हणजे बाहुली. तिन्ही लुबिचचेच. हे तिन्ही सिनेमे नीट जपलेत आणि सबटायटल्ससकट मिळतात. जर्मनीत वीस्बाडेनला मुर्नाऊ फाउंडेशन आहे, जुन्या जर्मन सिनेमांच्या चांगल्या प्रिंट त्यांच्याकडच्या, आणि लुबिचच्या बर्लिनमधल्या सिनेमांचे डीव्हीडी सेटही निघालेत. यूट्यूबवरही आहेत, पण तिथे कोणी काय अपलोड केलंय ते बघून घ्यायचं.

बघायचं म्हणजे काय, तर पहिलं लांबी. पहिला सिनेमा साधारण पाऊण तासाचा आहे, दुसरा तासाभराचा, तिसरा तासाच्या थोडा वर. यापेक्षा बराच कमी वेळ दिसला तर एकतर तुकडा कापलाय नाहीतर स्पीड चुकलाय. स्पीडचं नीट समजून घ्या कारण इथेच बहुतेकांचा मूकपटातला रस मरतो. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला सोळा, अठरा, वीस, अशा कितीतरी फ्रेम, ठरलेलं काही नसायचं. नंतर बोलपट आले, चोवीस पक्क्या झाल्या, आणि जुनी फिल्म चोवीसवर लावली की माणसं दुडूदुडू पळायला लागतात. मग आपण म्हणतो की जुने सिनेमे असेच असतात. नसतात. ओळखायची सोपी खूण अशी की पार्श्वभूमीला चालणारा एखादा नोकर किंवा रस्त्यावरचा माणूस बघा, ज्याला विनोद वगैरे करायचा नाहीये. त्याची चाल माणसासारखी असेल तर स्पीड बरोबर आहे. तोही पळत असेल तर प्लेबॅक ०.७५ वर टाका, अठरा भागिले चोवीस म्हणजे बरोबर ०.७५ होतात, बऱ्याच खराब अपलोडला एवढ्याने जीव येतो. चांगल्या रिस्टोअर केलेल्या प्रिंटला मात्र हात लावू नका, ती आधीच नीट केलेली असते.

दुसरं, मधल्या पाट्या. त्या जर्मनमध्ये असतात आणि त्या चित्रच असतात, त्यामुळे ऑटो सबटायटल्स तिथे काही कामाची नाहीत. सबटायटल्स नसलेली प्रिंट हाती आली तर पाटीवर पॉज करा आणि फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करणारं ॲप वापरा. फार वेळ लागत नाही, या सिनेमांत पाट्या कमी आणि छोट्या आहेत.

तिसरं, आवाज. अपलोड करणाऱ्याने कुठलंही पियानोचं म्युझिक चिकटवलेलं असतं आणि ते बऱ्याचदा दृश्याशी भांडत असतं. माझी सवय अशी की पहिली दहा मिनिटं पूर्ण म्यूट करून बघायची. सुरुवातीला कान रिकामे वाटतात, पण मग डोळे जास्त काम करायला लागतात आणि ऑसीचं टायमिंग दिसतं, ती एखादी गोष्ट करायच्या आधी किती क्षणभर थांबते ते दिसतं. नंतर म्युझिक सुरू करा, पटलं तर ठेवा.

आणि शक्यतो फोनवर बघू नका. तेव्हाची दृश्यं लांबून घेतलेली आहेत, चौकटीत एका वेळी वीस वीस माणसं असतात, विनोद कोपऱ्यात घडतो. लॅपटॉप चालेल, टीव्ही सगळ्यात उत्तम.

पहिला सिनेमा: मुलगी पुरुषाच्या कपड्यात

१९१८ चाच आधी बघा. गोष्ट साधी आहे. ऑसी (पडद्यावरचं नावही बऱ्याचदा ऑसीच, तिचं नावच ब्रँड झालं होतं) सिगारेट ओढते, पोकर खेळते, दारू पिते, आणि तिला ओरडणारी गव्हर्नेस आणि काका दोघंही तिच्याकडून काढून घेतलेली तीच वस्तू चोरून ओढतात आणि पितात. मग काका परगावी जातो आणि एक कडक पालक नेमला जातो, डॉक्टर केर्स्टन, हे काम कुर्ट गोएट्झने केलंय जो पुढे जर्मनीत मोठा नाटककार झाला. वैतागलेली ऑसी सरळ पुरुषाचा सूट शिवून घेते आणि बॉलला जाते.

आता आपल्या डोळ्यांना यात एक वेगळीच मजा आहे. आपल्याकडे त्याच काळात उलटं चाललं होतं, बालगंधर्व शालू नेसून उभे राहिले की बायका त्यांच्या नेसण्याकडे बघायच्या, आणि फाळक्यांच्या सिनेमात तर अण्णा साळुंखे १९१३ ला तारामती झाले आणि १९१७ च्या लंकादहनमध्ये राम आणि सीता दोन्ही तेच. तिथे कसब असं की पुरुष दिसताच कामा नये. ऑसी बरोबर उलट करते. बघणाऱ्याला पटेल असा पुरुष तिला व्हायचंच नाहीये. टायची गाठ बसत नाही, कॉलर टोचते, गर्दीच्या गाडीत आता कुणी जागा देत नाही उलट ढकलतात, सिगारने मळमळतं, आणि स्वच्छतागृहाच्या दोन दारांसमोर ती क्षणभर जशी उभी राहते ते बघाच. प्रत्येक ठिकाणी पाय आधी मुलीसारखे उचलले जातात, मग तिला आठवतं, मग ती ते दुरुस्त करते. हे दुरुस्त करणं हाच विनोद आहे आणि तो एवढ्या बारकाईने करायला शरीरावर नाचणारीचाच ताबा लागतो. मी हा सिनेमा पहिल्यांदा बघितला तेव्हा यातलं निम्मं मला दिसलंच नव्हतं, मी फक्त गोष्ट बघत होते. म्हणून दुसऱ्यांदा बघा, आणि दुसऱ्यांदा फक्त गुडघ्याखाली बघा.

शिंप्याच्या दुकानातलं दृश्यही सोडू नका, माप घ्यायला सगळे सेल्समन एकदम धावतात आणि शेवटी कुणी कुठला हात आणि कुठला पाय मोजायचा याची वाटणी होते. आणि पुढे ती आणि केर्स्टन दोघं भरपूर पितात आणि घोडागाडीत एकमेकांचे मुके घेतात, त्याला ती मुलगी आहे हे माहीतच नसताना. १९१८ साली. लुबिच त्यावर काही भाष्य करत नाही, कुणाला शिक्षा करत नाही, गाडी पुढे जाते. मला हे आजही धीट वाटतं.

तारखा शेजारी ठेवून बघा म्हणजे अजून कळेल. सिनेमा १९१८ चा, महायुद्ध संपलं नोव्हेंबर १९१८ ला, जर्मनीत बायकांना मताचा हक्क जाहीर झाला १२ नोव्हेंबर १९१८ ला आणि पहिलं मतदान १९ जानेवारी १९१९ ला. म्हणजे थिएटरात बसून ऑसीच्या पँटला हसणाऱ्या बायकांना अजून मतही देता येत नव्हतं. नाव "मला पुरुष व्हायचं नाही" असलं तरी ती शेवटी हरत नाही, एवढंच सांगते, बाकी तुम्ही बघा.

दुसरा सिनेमा: भुकेल्या शहरात कालवांची मेजवानी

हा माझा सगळ्यात आवडता, म्हणून यावर जरा जास्त लिहिणार आहे.

अमेरिकेतला कालवांचा बादशहा मिस्टर क्वेकर, त्याची मुलगी ऑसी. बुटपॉलिशवाल्या बादशहाच्या मुलीने काउंटशी लग्न केलं हे कळल्यावर ऑसी खोलीतली एकेक वस्तू फोडते. बाप येऊन विचारतो की वर्तमानपत्रं का फेकतेस, तर म्हणते सगळ्या फुलदाण्या संपल्या म्हणून. बाप म्हणतो ठीक आहे, तुला प्रिन्स विकत आणून देतो. मग कफल्लक प्रिन्स नुकी (हॅरी लीडके) सापडतो, पण तो स्वतः न येता आधी मित्राला, योझेफला, मुलगी बघायला पाठवतो आणि ऑसीला एवढी घाई की ती त्याच्याशीच लग्न उरकून टाकते.

इथे बघायचं काय, तर गर्दी आणि एकटी ऑसी यांची जुगलबंदी. क्वेकरच्या घरात प्रत्येक गोष्टीला नोकरांची पलटण आहे, सिगार धरायला माणूस, कप धरायला माणूस, ऑसीच्या अंघोळीला दासींची फौज, आणि सगळे कवायतीसारखे एका लयीत हलतात. या सगळ्या यंत्रात एकटी ऑसी लयीबाहेर आहे. ती धावते, आपटते, लोळते. फ्रेममध्ये कधीही गोंधळलात तर जे लयीत नाही ते शोधा, ती ऑसी असेल. योझेफ (युलियस फाल्केनश्टाइन) वाट बघून कंटाळतो आणि फरशीवरच्या नक्षीच्या रेघांवरून पाय टाकत चालत बसतो ते दृश्यही थांबून बघा, एकही पाटी नाही, नुसता कंटाळा, आणि हसू येतं.

मग लग्नाच्या जेवणात फॉक्सट्रॉट. पाटीवर त्याला साथच म्हटलंय, रोगाची असते तशी, फॉक्सट्रॉटची साथ. आधी पाहुणे नाचतात, मग नोकर, मग स्वयंपाकघर, जिने, सगळं घर. हे निव्वळ गंमत म्हणून बघितलं तरी चालतं, पण युद्धाच्या काळात जर्मनीत सार्वजनिक नाचावर बंदी होती, १९१८ संपता संपता ती उठली आणि बर्लिन अक्षरशः नाचत सुटलं. त्यामुळे हे दृश्य म्हणजे त्या वेळच्या प्रेक्षकांना आपलीच गोष्ट होती. आणि दुसरी बाजू याहून बोचरी आहे. सिनेमा जून १९१९ चा. व्हर्सायच्या तहावर सही झाली २८ जूनला. दोस्त राष्ट्रांनी केलेली नाकेबंदी उठली जुलैमध्ये. म्हणजे ज्या लोकांनी युद्धात सलगमवर हिवाळा काढला होता, ज्यांना अजून धड लोणी मिळत नव्हतं, ते पडद्यावर कालवांच्या ताटांच्या रांगा बघत होते. हे डोक्यात ठेवून ते जेवणाचं दृश्य परत बघा, हसू तेच राहतं पण घशाशी काहीतरी येतं.

तिथला बँडमास्टर नीट बघा, अंगात आल्यासारखा नाचणारा तो पोरगा. तो कुर्ट बोइस, तेव्हा १८ वर्षांचा. ज्यू असल्यामुळे पुढे देश सोडावा लागला, कॅसाब्लांकामध्ये छोट्या पाकीटमाराच्या भूमिकेत दिसतो, आणि १९८७ च्या विम वेंडर्सच्या बर्लिनवरच्या सिनेमात थकलेला म्हातारा कथेकरी होऊन परत येतो. एकाच माणसात अख्खं शतक. असं कोपऱ्यातल्या माणसांच्या मागे लागायची सवय लावून घ्या, या सिनेमांत ती फार फळते.

शेवटाकडे लक्षाधीशांच्या मुलींची दारूबंदीची एक सभा आहे, तिथे नुकी दारू पिऊन येतो आणि त्याच्यावर उपचार कोण करणार यासाठी मुली बॉक्सिंग खेळतात. ऑसीचे पाय बघा, बॅलेतलं सगळं तिथे आहे, फक्त हातात ग्लोव्हज आहेत.

तिसरा सिनेमा: माणूस असून बाहुली

आता ऑसी खरी काय चीज आहे ते कळतं. सिनेमा सुरू होतो तेव्हा स्वतः लुबिच येतो, एका खोक्यातून खेळण्यातलं घर, झाडं काढून मांडतो, त्यात दोन छोट्या बाहुल्या ठेवतो, आणि मग ते घर मोठं होतं आणि माणसं बाहेर येतात. झाडं कागदाची, घोडे म्हणजे आत माणसं घातलेले. सगळं जग खोटं आहे हे आधीच सांगून टाकलंय.

लान्सलॉट (हेरमान थिमिग) नावाचा बुजरा पुतण्या, काका लग्न कर म्हणून मागे लागलाय, बायकांना घाबरून हा मठात पळतो, आणि खादाड साधू पैशाच्या लोभाने त्याला सुचवतात की बाहुलीशी लग्न कर. बाहुल्या बनवणारा हिलारियस (व्हिक्टर यान्सन, म्हणजे मागच्या सिनेमातला बापच) आपल्या मुलीसारखी हुबेहूब बाहुली बनवतो, शिकाऊ पोरगा तिच्याबरोबर नाचताना तिचा हात मोडतो, आणि मग मुलगीच बाहुली होऊन उभी राहते.

म्हणजे ऑसीला यात तीन गोष्टी करायच्यात. खरी बाहुली, खरी मुलगी, आणि बाहुली असल्याचं सोंग करणारी मुलगी. बघताना दर दृश्याला स्वतःला विचारा की आत्ता तिघींपैकी कोण. खऱ्या बाहुलीची मान आणि खांदा एकाच वेळी वळतो. सोंग करणाऱ्या मुलीचं सगळं बरोबर असतं पण डोळे किंचित आधी पोचतात. लग्नाच्या जेवणात तिला कडाडून भूक लागलीय, लान्सलॉटची नजर वळली की ती पटकन तोंडात घालते, नजर परत आली की लाकूड. ते दहा-बारा सेकंदांचे तुकडे मी कितीतरी वेळा मागे घेऊन बघितलेत. ०.५ वर लावून बघा (इथे स्पीड मुद्दाम कमी करायला हरकत नाही, आपण अभ्यास करतोय), म्हणजे कळेल की ती थांबते कशी. झटक्याने थांबत नाही, किल्ली संपल्यासारखी थांबते.

आपल्याकडे कठपुतळीचा, सावंतवाडी-पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांचा खेळ ज्यांनी बघितलाय त्यांना हे लगेच ओळखू येईल, दोरीने हलणाऱ्या अंगाला वजन नसतं. ऑसी तेच वजन काढून टाकते आणि परत घालते.

आयुष्य शोधायला सुरुवात

एवढं बघून झालं की मगच वाचायला घ्या, कारण आता तुमच्याकडे प्रश्न असतील. एक साधी वही घ्या किंवा स्प्रेडशीट, डावीकडे साल, मध्ये तिचं काम, उजवीकडे त्या वर्षी जर्मनीत काय चाललं होतं. तीन रकाने. मी असा तक्ता केला तेव्हा मला पहिल्यांदा तिचं करिअर सलग दिसलं.

ढोबळ सांगाडा मी देते. जन्म २ फेब्रुवारी १८९७, बर्लिनजवळचं नीडरशोनहाउझेन, खरं आडनाव श्टेगलिश. (काही जुन्या नोंदींत १८९९ दिसेल. नट्यांची वयं तेव्हा अशी कमी लिहिली जायची, त्यामुळे कुठल्याही मूकपट नटीचं जन्मसाल दोन ठिकाणी तपासल्याशिवाय वहीत शाईने लिहू नका.) नाचता नाचता पटकथाकार हान्स क्रेलीच्या नजरेत आली, त्याने लुबिचला सांगितलं, १९१६ पासून ती त्याच्या सिनेमांत. जाहिरातीत तिला जर्मनीची मेरी पिकफर्ड (हॉलिवूडची त्या काळची मोठी नटी) म्हणायचे. हे लेबल तुम्हाला सगळीकडे भेटेल आणि माझं स्पष्ट मत आहे की ते बाजूला ठेवा, पिकफर्डचा गोडवा वेगळा, ऑसी गोड नाहीये, ती धुडगूस घालते, आणि त्या लेबलामुळे लोक भलतंच शोधत बसतात.

१९१९ नंतर फाटा फुटतो. त्याच वर्षी पोला नेग्री या नटीला घेऊन केलेला लुबिचचा भव्य ऐतिहासिक सिनेमा गाजला, पुढे त्याला अमेरिकेची बोलावणी आली, क्रेलीही तिकडे गेला आणि तिथे ऑस्कर मिळवला. ऑसी बर्लिनलाच राहिली. तिने एका हंगेरियन बॅरनशी लग्न केलं होतं, त्याच्याबरोबर १९२१ ला स्वतःच्या नावाची फिल्म कंपनी काढली. हा भाग लोक एका ओळीत उडवतात, तुम्ही उडवू नका. चोवीस वर्षांची नटी स्वतःची निर्माती होते आणि दिग्दर्शक म्हणून घेते व्हिक्टर यान्सनला, म्हणजे पडद्यावरच्या आपल्या बापालाच. १९२३ च्या त्यांच्या एका सिनेमाच्या नावात अब्जांची मेजवानी आहे, आणि तुमच्या उजव्या रकान्यात १९२३ समोर लिहिलेलं असेल की नोव्हेंबरमध्ये एक डॉलर म्हणजे चार लाख कोटींहून जास्त मार्क. अशा महागाईत छोटी कंपनी चालवणं म्हणजे काय असेल ते तुम्हीच बघा. १९२५ ला घटस्फोट, आणि त्याच सुमाराला ती ऊफा या मोठ्या कंपनीकडे गेली.

पदच्युत राजपुत्र विल्हेल्मशी तिचं नाव जोडलं जायचं, ते तुम्हाला सगळ्यात आधी सापडेल कारण गप्पा सगळ्यात जास्त टिकतात. वहीत लिहा, पण वेगळ्या रंगाने. तिचं काम त्याने कळत नाही.

१९२८ च्या तिच्या एका सिनेमाचं नावच आहे, ऑसीच्या अंगात पँट, म्हणजे घरात हुकूम तिचा. दहा वर्षांनी परत तीच पँट, यावरून प्रेक्षकांना नेमकं काय लक्षात राहिलं होतं ते कळतं. मग बोलपट आले. तिने दोनच केले, १९३० ला आणि १९३३ ला. १९३३ म्हणजे नाझी सत्तेवर आले ते साल, आणि योगायोगाने आपल्या प्रभातचा सैरंध्री रंगीत प्रिंटसाठी जर्मनीला गेला तेही तेच. मग ऑसी रंगभूमीवर, मग जोडीदाराबरोबर प्रागला. तिथे १९४३ च्या एका चेक सिनेमाची मूळ गोष्ट तिच्या नावावर आहे, म्हणजे ती शेवटपर्यंत काम शोधत होती. १९४७ ला प्रागमध्येच गेली, पन्नाशीची, पैसे उरलेले नव्हते.

शोधताना या खाचा लक्षात ठेवा

नुसतं ऑसी असं जर्मनमध्ये टाकू नका, तो शब्द आता पूर्व जर्मनीच्या लोकांसाठी बोलीभाषेत वापरतात, भलतेच हजारो रिझल्ट येतील. आडनाव लावाच. जन्मनावातल्या (Stäglich) दोन टिंबांच्या अक्षराऐवजी ए आणि ई (ae) लिहूनही शोधा.

जुनी वर्तमानपत्रं फुकट बघायला मिळतात, ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा आनो नावाचा संग्रह आहे, जर्मनीचंही वर्तमानपत्रांचं पोर्टल आहे. सिनेमांच्या नोंदींसाठी फिल्मपोर्टल ही जर्मन साइट बरी. पण जुनी पत्रं ज्या वळणाच्या अक्षरात छापलेली आहेत, फ्राक्टूर म्हणतात त्याला, त्यात शब्दाच्या मधला एस हा एफसारखा दिसतो आणि कॉम्प्युटर तो एफच वाचतो. त्यामुळे ऑसी ऑस्वाल्डा शोधून काही मिळालं नाही तर ऑफी ऑफवाल्डा असं एफ घालून शोधा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि कळल्यावर एका संध्याकाळी इतक्या जाहिराती सापडल्या की मी जेवायचं विसरले. जाहिरातींवरून कुठल्या शहरात कुठला सिनेमा किती आठवडे चालला तेही जुळवता येतं.

तिचे बरेच सिनेमे आज हरवलेत, त्या काळची फिल्म पेटायची, सडायची, आणि जपावी असं कुणाला वाटायचंही नाही. हरवलेल्या सिनेमासाठी चित्र-पोस्टकार्ड शोधा, बर्लिनच्या रॉस नावाच्या प्रकाशकाने नटनट्यांची हजारो कार्डं काढली होती, ऑसीची भरपूर आहेत आणि स्कॅन ऑनलाइन दिसतात. कार्डावर ती स्थिर उभी असते, तरी पाय बघा, वजन नेहमी एकाच पायावर, दुसरा निघायच्या तयारीत.

घरच्यांना दाखवायचं असेल तर क्रम उलटा करा. मुलं असतील तर बाहुली आधी लावा, त्यांना कागदी झाडं आणि माणसांचे घोडे लगेच आवडतात, पाट्या मात्र तुम्ही मोठ्याने मराठीत वाचा, आणि नाट्यवाचन करू नका, साध्या आवाजात. मोठ्यांना कालवांची राजकन्या, जेवण झाल्यावर. फॉक्सट्रॉट सुरू झाला की आवाज वाढवा आणि दिवे बंदच ठेवा.